नेवाशाला कोणाकडे?

तारकपूरच्या स्टँडवरून गाडी सुटली आणि शहर मागे पडायच्या आत कंडक्टर माझ्यापाशी आला.

"फाटा का नेवासा?"

"नेवासा."

"कोणाकडे?"

तिकिटाशी या प्रश्नाचा काही संबंध नाही. पण आमच्या नगर जिल्ह्यात एकटी बाई सकाळच्या गाडीत बसली की तो येतोच, आणि उत्तर दिलं नाही तर आपणच आखडू ठरतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. तोंडात मात्र अजून नगरच बसलंय, तेवढं चालवून घ्यावं.) माझं आजोळ याच रस्त्यावरचं, घोडेगावचं. लहानपणी प्रत्येक सुट्टीत हा प्रश्न ऐकलेला. तेव्हा उत्तर सोपं होतं.

"कोणाकडे नाही. चिरकीला जायचंय."

"चिरकी?" त्यानं मशीन थांबवलं. "पंधरा वर्षं या रूटला आहे मी. चिरकी नावाचं गाव नाही नेवाशात."

"गाव नाही, नाला आहे."

त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, पायातल्या बुटांकडे पाहिलं. "पाटबंधारे खात्यातनं का?" म्हणाला, आणि मी नाही म्हणायच्या आत पुढच्या सीटकडे सरकला. शेजारची आजी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "नाल्यात काय ठिवलंय बाई. माउलीचा खांब बघ अन् ये माघारी."

नाल्यात काय ठेवलंय हे सांगायचं तर मला आधी आदिस अबाबाला जावं लागेल.

मुलगी जोहान्सबर्गला असते. तिच्याकडे जाता-येता विमान आदिस अबाबाला बदलावं लागतं. एका खेपेला परतताना मधे अख्खा दिवस हाताशी आला, तेव्हा टॅक्सी करून तिथलं राष्ट्रीय संग्रहालय गाठलं. साधी इमारत, तळघरात उतरायचं, आणि तिथं काचेच्या पेटीत लूसी. 24 नोव्हेंबर 1974 ला इथिओपियाच्या अफार प्रदेशात हदर इथं सापडलेली, 32 लाख वर्षांपूर्वीची. सांगाड्याचा सुमारे 40 टक्के भाग मिळाला. उंची जेमतेम साडेतीन फूट, म्हणजे आपल्याकडच्या पहिली-दुसरीतल्या पोरीएवढी, पण वाढ पूर्ण झालेली बाई. एका पेटीत तिची हाडं मांडून ठेवलेली, आणि शेजारी तीच हाडं उभी करून, गाळलेल्या जागा भरून, दोन पायांवर चालणारी आकृती. इथिओपियातले लोक तिला दिंकनेश म्हणतात. 'तू अद्भुत आहेस' असा त्याचा अर्थ.

मी बराच वेळ उभी राहिले. मग पाटी वाचली तेव्हा कळलं की समोर आहे तो साचा. खरी हाडं आत, तिजोरीत. क्षणभर वाईट वाटलं आणि लगेच हसूही आलं, कारण आपल्याला यात नवीन काय? पालखीत मिरवते ती उत्सवमूर्ती, मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही. जगभरच्या संग्रहालयांत आदिमानवाच्या ज्या कवट्या आपण पाहतो त्यातल्या बहुतेक उत्सवमूर्तीच असतात. बीजिंगजवळ सापडलेल्या 'पेकिंग मानवा'ची मूळ हाडं तर 1941 मध्ये, युद्धाच्या गडबडीत कायमची हरवली. आधी करून ठेवलेले साचे होते म्हणून त्या मानवाचा अभ्यास पुढे चालू शकला. लूसीची मूळ हाडं 2007 पासून काही वर्षं अमेरिकेत फिरवली, तेव्हा नाजूक मालमत्ता अशी हिंडवू नये म्हणून अनेक शास्त्रज्ञ कुरकुरले होते. 2025 मध्ये ती दोन महिने प्रागला जाऊन आली. मूळ मूर्ती गाभाऱ्याबाहेर काढली की गुरवही असेच कुरकुरतात.

घरी आल्यावर हदरच्या मोहिमेबद्दल मिळेल ते वाचत बसले. मोहिमेतल्या माणसांच्या यादीत एक नाव होतं, गुद्रून कोर्विनुस. जर्मन भूवैज्ञानिक आणि पुरातत्त्वज्ञ, हदरच्या परिसरातली दगडी हत्यारं शोधणं हे तिचं काम. आणि त्याआधीचं तिचं काम? 1966 ते 1969, चिरकी, प्रवरा नदी, नेवासा, जिल्हा अहमदनगर.

नेवासा हा शब्द मी पुन्हा वाचला. आमच्या मामाच्या घरापासून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव. लूसी ज्या मातीतून निघाली तिथं काम केलेली बाई त्याच्या काही वर्षं आधी माझ्या आजोळच्या शेजारी गोटे उकरत होती, आणि मला हे कळायला आफ्रिकेतून जाऊन यावं लागलं.

कोर्विनुस मूळची जीवाश्मांची अभ्यासक. साठच्या दशकात ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आली. तिथं हसमुख धीरजलाल सांकलिया होते, आणि सांकलियांनी 1954 ते 56 मध्ये नेवाशाला मोठं उत्खनन केलेलं होतं. तिनं प्रवरेचं खोरं पायी पालथं घातलं, चिरकीला खणलं, आणि त्या सगळ्यावर दोन जाडजूड खंड लिहिले, ते 1981 आणि 1983 ला जर्मनीत छापले गेले. मधल्या काळात हदर. तिथल्या गोना भागात 1976 मध्ये एलेन रोश या फ्रेंच सहकारिणीबरोबर तिनं दगडी हत्यारं नोंदवली. पुढे इतरांनी केलेल्या कामातून गोनाची हत्यारं 26 लाख वर्षांपर्यंत मागे गेली, माणसानं घडवलेल्या सर्वांत जुन्या हत्यारांत त्यांची गणना होऊ लागली. त्यानंतर ती नेपाळच्या दांग-देवखुरीच्या खोऱ्यांत वर्षानुवर्षं हिंडली. राहायला पुन्हा पुण्यात आली. 2006 च्या जानेवारीत पुण्यातच तिची हत्या झाली, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

तर म्हणून चिरकी.

मामेभावानं नेवाशातले एक निवृत्त शिक्षक गाठून दिले होते. ते स्टँडवर स्कूटी घेऊन हजर. "आधी माउली, मग तुमचा नाला," हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. पैस खांबापाशी गेलो. शके 1212, म्हणजे 1290, ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली, याच खांबाला टेकून. खांबाला लोक कपाळ लावत होते. सांकलियांनाही नेवाशानं ओढलं त्याला या गावाचं जुनेपण कारण होतं. त्यांच्या अहवालाचं शीर्षकच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचं आहे. वरून खाली जायचं. मराठे आणि मुसलमानी अंमल, त्याखाली रोमशी व्यापार चालायचा तो काळ, त्याखाली सातवाहनांच्या आधीचं नगर, त्याखाली तांबं आणि दगड बरोबरीनं वापरणारे शेतकरी, आणि त्याच्याही खाली, नदीच्या गोट्यांत, अश्मयुग. एकाच गावात इतके जिने फार थोड्या ठिकाणी मिळतात.

गुरुजींनी पन्नास वर्षं नेवाशात काढलेली. कोर्विनुस हे नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. "चिरकी म्हणजे ते तिकडचं वगळ ना?" एवढंच त्यांना माहीत. ऊस अगदी काठापर्यंत. पाचटातून वाट काढत आम्ही खाली उतरलो. वर दोन पुरुष काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, आणि तळाशी गोट्यांचा थर, चुनखडीनं असा जखडलेला की वाटावं कुणी काँक्रीट ओतलंय. मला तरी कुठं पाटी दिसली नाही. एक धोबीण पक्षी, दोन म्हशी, पाण्यात अडकलेलं युरियाचं पोतं.

या गोट्यांत, कोर्विनुसला खालच्या दगडावर पसरलेली, हत्यारं मिळाली होती. हातकुऱ्हाडी, रुंद सरळ धारेच्या कुऱ्हाडी, तोडायची अवजारं, आणि ती घडवताना उडालेले ढलपे. या घडणीला अश्युलियन म्हणतात, फ्रान्समधल्या एका गावावरून. दगड इथलाच, आपला काळा. काम असं चालायचं: मोठ्या धोंड्यातून एक जाड ढलपा उडवायचा, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी टिचक्या मारत कडा बारीक करत आणायच्या, टोक काढायचं, बूड जड ठेवायचं म्हणजे मुठीत बसतं. दांडा नाही. पाथरवटाला विचारलं तर तो सांगेल की बसाल्टाचा ढलपा हवा तिथूनच उडवणं हे काही पोरखेळ नाही. घाव कुठल्या कोनात बसला तर दगड कसा फुटेल हे आधी डोक्यात हवं. शेवटचा आकार घाव घालायच्या आधी दिसायला हवा.

वय? नेवाशाच्या थरांसाठी केलेल्या एका मोजणीत आकडा साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे गेला, म्हणजे त्या पद्धतीचं मापच तिथं संपलं. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी असल्या हत्यारांचं वय सुमारे 15 लाख काढलेलं आहे, ते 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा प्रवरेच्या काठी साडेतीन लाख ही खालची मर्यादा समजायची.

"हे का?" गुरुजींनी एक दगड उचलला. टोकदार होता, मुठीत बसतही होता.

मी वाचून गेले होते. माणसानं उडवलेल्या ढलप्याला घावाच्या जागी फुगवटा असतो, एकामागून एक खाचा एका ओळीत पडलेल्या असतात. नदीनं फोडलेला दगड कसाही फुटतो. मी दगड उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. खाचा होत्या. ओळीत होत्या का? एका बाजूनं वाटत होत्या.

"माहीत नाही," मी कबूल केलं.

"मग ठेवा खाली," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाचा आवाज होता तो. आम्ही दगड होता तिथं ठेवला. असा दगड उचलून घरच्या शोकेसमध्ये ठेवणं योग्य नाही हे खरंच, पण खरं कारण वेगळं होतं. नाल्यातून उचलला की त्याची जागा जाते, आणि कोणत्या थरात, कशाशेजारी तो होता हे गेलं की हातकुऱ्हाडसुद्धा नुसता टोकदार दगड उरते.

मग गुरुजींनी विचारलं, आणि प्रश्न अगदी योग्य होता: "पण ते स्वतः कुठंयत? हाडं?"

नाहीत. प्रवरेच्या गाळात हाडं टिकत नाहीत असं मुळीच नाही. सांकलियांना इथं 'बॉस नामाडिकस' या रानटी बैलाचे जीवाश्म मिळाले, त्यांनी त्यावर लेखही लिहिला. गोदावरीच्या वरच्या अंगाला, नांदूर मधमेश्वरला, एका प्रचंड प्राचीन हत्तीचे अवशेष शंभर वर्षांपूर्वीच सापडलेत. बैल राहिला, हत्ती राहिला, माणूस तेवढा नाही. त्याचं एक कारण निव्वळ संख्येचं असावं. कळपानं हिंडणारी जनावरं नदीवर पाणी प्यायला यायची, गाळात रुतायची, पुरात जायची. माणसं मूठभर. आणि तेव्हा पुरण्याची चाल नसली तर मेलेला माणूस तरसांच्या तोंडी जातो.

अख्ख्या भारतात त्या काळच्या माणसाची म्हणावी अशी एकच कवटी आहे, तीही अर्धी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना 5 डिसेंबर 1982 रोजी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा इथं ती मिळाली. कवटीची फक्त वरची टोपी, उजवी बाजू बऱ्यापैकी शाबूत. पुरुष म्हणता म्हणता पुढे ती बाईची असावी असं ठरलं. आधी नाव दिलं होमो इरेक्टस, मग म्हणाले नाही, त्याहून पुढची, आपल्या जवळची. वयाबद्दल अजून भांडण आहे. तिच्याबरोबर अश्युलियन हत्यारंही होती, म्हणजे चिरकीला दगड घडवणारी माणसं दिसायला कशी होती याचा अंदाज बांधायचा तर आपल्यापाशी नर्मदेच्या त्या बाईच्या डोक्याची टोपी आहे. बाकी चेहरा नाही, हात नाही, पाय नाही. इकडे आमच्याकडे हातांनी केलेलं काम हजारोंनी, आणि हात एकही नाही.

"म्हंजे वही सापडली, पोरगं गैरहजर," गुरुजी म्हणाले.

दुपारी लाडमोडच्या टेकाडावर गेलो. सांकलियांचं मुख्य उत्खनन इथलं. आपल्याकडे शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या मातीला पांढरी. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन खरोखर पांढुरकी होते. शेतकरी ती खत म्हणून खणून नेतात. पुरातत्त्ववाल्यांना गावात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारायचा असतो तो हाच: पांढरी कुठं आहे? नेवाशाच्या पांढरीत, साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, लहान मुलं मिळाली. एक-दोन नाही, पुष्कळ. मातीचे दोन घडे घ्यायचे, त्यात मूल ठेवायचं, घड्यांना तोंडाला तोंड लावायचं आणि घरातच खड्डा करून आडवे पुरायचे.

यातली एक मला विसरता येत नाही. तिच्या (की त्याच्या?) गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजानं आतला धागा कुजू दिला नाही. तो तपासला तर निघालं रेशीम, कापसाच्या तंतूंसह. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कुडाच्या घरात रेशीम, आणि तेही वर वापरायला न ठेवता जमिनीत गेलेलं.

मोठी माणसं मात्र नुसत्या खड्ड्यात. आणि इनामगावला, म्हणजे नगरच्या हद्दीपलीकडे शिरूर तालुक्यात घोड नदीवर, 1968 पासून जे मोठं उत्खनन झालं त्यात दिसलं की प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून मग पुरलेत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा तर्क आहे. मुलांचे पाय शाबूत. मूल परत येण्याची भीती कुणाला वाटली नसावी. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकत वाढलेल्या मला हा तर्क पटायला जड गेला नाही. आपल्याकडे आजही अगदी तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. दोहोंत धागा आहे असं म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही. नुसतं आठवलं.

हे घडे, मुलं, हातकुऱ्हाडी पाहायच्या तर पुण्याला जावं लागतं. मी आधीच जाऊन आले होते. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात, मोठमोठ्या झाडांखाली, पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. तिथं इनामगावचा तो सुप्रसिद्ध रांजण आहे, मातीचा, चार पायांचा, पोट सुटलेल्या माणसासारखा. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवल्यासारखा पुरलेला होता, आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. गावातला कुणी मानकरी असणार. मानकऱ्याला मेल्यावरही पाय ठेवायची मुभा!

संग्रहालयात माणसाच्या हाडांसमोर उभं राहिलं की मला थोडं अवघडल्यासारखं होतं, आणि त्याला कारण आहे. ही हाडं कशासाठी मोजली गेली, हा इतिहास फार स्वच्छ नाही. सांकलियांच्या त्या नेवासा अहवालावर चार नावं आहेत. सांकलिया, देव, अन्सारी आणि सोफी एऱ्हार्ट. नेवाशाच्या सांगाड्यांचा भाग या जर्मन मानवशास्त्रज्ञ बाईंचा. नाझी काळात त्या बर्लिनला रॉबर्ट रिटरच्या संस्थेत होत्या, जिथं रोमा आणि सिंती लोकांची डोकी, नाकं, डोळे मोजून वंशाचे दाखले तयार होत. त्या दाखल्यांपुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. युद्धानंतर बाई ट्यूबिंगेनला प्राध्यापक झाल्या आणि आमच्या प्रवरेकाठच्या पोरांची हाडंही त्यांनीच पाहिली. त्याच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे होत्या. त्याही बर्लिनच्याच, 1930 च्या सुमाराला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजून डॉक्टरेट केलेल्या. फिशरला गोऱ्यांच्या कवटीत श्रेष्ठत्व दिसायला हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्यांचा डावा-उजवा फरक मोजला आणि लिहिलं की वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. गुरूच्या घरात बसून गुरूला नाही म्हणणं सोपं नसतं. पुढे त्या सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन सांगाडे काढायलाही गेल्या. एकाच पट्टीनं, एकाच शहरात काम करून, दोन बायका कुठं कुठं पोचल्या, हे त्या काचेच्या कपाटांपाशी मला कुणी लिहून ठेवलेलं दिसलं नाही. ठेवायला हवं असं मला वाटतं. हातकुऱ्हाडीचं कपाट पाहताना मला असलं काही टोचत नाही. दगडाला नाक नसतं.

जिल्ह्यात पाहायचं याहून कितीतरी आहे. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे, ज्याच्या नावानं अख्खी ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, जिथं 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाली. ते चार दागिने स्वतंत्र प्रवासाचे आहेत. या खेपेला त्यांच्या वाटेला गेले नाही.

मला अजून एका गावाला जायचं होतं. मुक्कामाला घोडेगाव, आणि दुसऱ्या दिवशी कुकाणा, शेवगाव करत मुंगीला. मुंगी-पैठण असं जोडून बोललं जातं ती मुंगी, गोदावरीच्या नगरकडच्या काठावरची. निंबार्काचार्यांचं जन्मगाव अशी परंपरा. माझं काम वेगळं होतं. 1863 च्या मे महिन्यात रॉबर्ट ब्रूस फुट यांना मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं, हे शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते असं की त्याच दशकात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा विन नावाचा माणूस मुंगीजवळ गोदावरीच्या काठात, नामशेष जनावरांची हाडं असलेल्या थरातून, अकीकाचा एक लहानसा ढलपा काढून घेऊन गेला. माणसानं उडवलेला. सर्वेक्षणाचे प्रमुख ओल्डहॅम यांनी 1868 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या वेळी युरोपात नुकतंच लोकांना पटू लागलं होतं की माणूस बायबलच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जुना आहे, मेलेल्या प्रचंड जनावरांच्या काळापासून तो आहे. त्या वादातला एक साक्षीदार शेवगाव तालुक्यातून गेला होता. बोटाएवढा.

मुंगीच्या घाटावर दुपारी कुणी नव्हतं. पात्रात पाणी कमी, कडेला वाळू उपसून पडलेले खड्डे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. वाळू चाळून टाकलेल्या गोट्यांचे ढीग होते आणि त्यात अकीक, गारगोट्या उन्हात चमकत होत्या. मधाच्या रंगाच्या, दुधी, लालसर पट्ट्यांच्या. वाळूवाल्यांना त्या नकोत. मी एका ढिगापाशी बसले आणि चाळू लागले. फुगवटा, खाचा, ओळ. फुगवटा, खाचा, ओळ.

मागून आवाज आला. "मावशी, काय हरवलं?"

दहा-अकरा वर्षांचा मुलगा. शेळ्या त्याच्याच असाव्यात, एकीनं माझी पिशवी हुंगायला सुरुवात केली होती.

"हरवलं नाही. दगड बघतेय."

"चमकायचे का? लई आहेत माझ्याकडं." तो पळत गेला आणि शर्टाच्या ओच्यात भरून घेऊन आला. वाळूवर ओतले. तीस-चाळीस तरी होते, धुतलेले, निवडलेले. त्यानं आकारानं लावून ठेवले.

"काय करतोस यांचं?"

"काय नाय. रातच्याला एकमेकावर मारले की ठिणगी पडती." त्यानं दोन उचलले आणि भर उन्हात मारून दाखवले. ठिणगी दिसली नाही. पण एकाचा टवका उडाला आणि माझ्या पायापाशी पडला. उचलून पाहिला. पातळ, कडा ब्लेडसारखी, आणि ज्या जागी घाव बसला होता तिथं, स्पष्ट, अंगठ्याला लागेल असा फुगवटा.

"पुन्हा मार," मी म्हणाले.

त्यानं मारला. दुसरा टवका उडाला. शेळी बाजूला झाली.

"घ्यायचेत का?" त्यानं विचारलं. "पाच रुपयाला एक. फुटलेले दोन रुपयाला."

मी फुटलेले दोन घेतले. सुट्टे नव्हते, दहाची नोट दिली. त्यानं हिशेब केला आणि उरलेल्या सहा रुपयांचे आणखी तीन फोडून दिले.